हशा आणि पुढचं वाक्य

नाटकाला गेलो की मी नटाचं बोलणं कमी, थांबणं जास्त बघतो. हशा पिकल्यावर पुढचं वाक्य कधी टाकायचं? हशा पुरता विरू दिला तर प्रसंग थंडावतो. घाई केली तर वाक्य बुडतं. सिनेमात तर समोर प्रेक्षकच नसतो. तरी ‘अशी ही बनवाबनवी’मधला (१९८८) अशोक सराफांचा धनंजय माने हसवायला धडपडत नाही. बिंग फुटेल म्हणून तो खरोखर धास्तावलेला असतो. टीव्हीवर मात्र हशा वरून चिकटवतात. मग नट थांबायला शिकणार कुठे? थांबण्यावरून आठवलं: सराफांना पद्मश्री २०२५ मध्ये मिळाली. रडवणारे असते, तर (माझा आपला संशय) एवढी वाट पाहावी लागली नसती.