खेळ जनतेचा, नफा कोणाचा?

मुलांना खेळता खेळता अंकगणित शिकविण्याच्या जाहिराती आज मोबाइलच्या पडद्यावर झळकत असतात आणि ही खाजगी उद्योगाच्या प्रतिभेची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळा आहे. या प्रकारातील एक अव्वल खेळ, ‘नंबर मंचर्स’, १९८६ साली निर्माण झाला तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मालकीच्या संस्थेत. ‘मेक’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था, शाळांना संगणकाची सोय व्हावी म्हणून, १९७३ साली स्थापन झाली होती.

खेळ तसा साधा. पडद्यावर चौकटींचे जाळे, प्रत्येक चौकटीत एक संख्या, आणि मुलाच्या हुकमतीत एक हिरवा खादाड प्राणी. तीनच्या पटीतील संख्या खायच्या असे ठरले, की २७ आणि ५१ गिळायच्या, ४४ सोडायची. कधी विभाजक शोधायचे, कधी मूळ संख्या. ‘ट्रॉगल’ नावाचे राक्षस पाठीशी लागलेले असल्यामुळे कागदावर भागाकार मांडावयास उसंत नाही. पावकी-निमकी घोकलेल्या पिढीला या तोंडपाठपणाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु वेग हा जाणत्याच्याच कामी येतो. ज्या मुलाला भागाकाराचा अर्थ उमगलेला नाही, ते अंदाजाने गिळत सुटते. ५१ ही मूळ संख्या का नव्हे, सतरा त्रिक एकावन्न कसे, हे त्याला कोणी तरी थांबून दाखवावे लागते. राक्षस थांबत नाहीत. थांबतो तो शिक्षक.

‘मेक’ला याची जाण होती. तिने शाळांना आज्ञावली पुरविल्या, तशीच शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही व्यवस्था केली. राज्याबाहेरच्या शाळांनी वार्षिक वर्गणी भरली, की त्यांनाही प्रती काढून घेण्याची मुभा असे. आज्ञावली एकदा रचली की तिची पुढची प्रत जवळजवळ फुकट निघते. अशा वस्तूची टंचाई निसर्गाने नव्हे, मालकाने निर्माण करावयाची असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळते; अर्थमंत्र्यांना मात्र ते पुष्कळदा कळत नाही.

१९९१ साली राज्याने ही संस्था एका खाजगी गुंतवणूक निधीला विकून टाकली. पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, ‘सॉफ्टकी’ या कंपनीने तिच्यासाठी सुमारे ३७ कोटी डॉलर मोजले. सरकारी तिजोरीत पडलेली किंमत या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही. मधला फरक कोणाच्या श्रमातून आला? ज्या कर्मचाऱ्यांनी हे खेळ रचले आणि ज्या करदात्यांनी अठरा वर्षे ही संस्था उभी ठेवली, त्यांच्या वाट्याला त्यातले काय आले?

‘द लर्निंग कंपनी’ हे नाव धारण केलेली सॉफ्टकी १९९९ साली ‘मॅटेल’ या खेळणी कंपनीने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला घेतली, आणि पुढच्याच वर्षी, रोख रक्कम पदरात न पडता, भावी नफ्यातील वाट्याच्या बोलीवर देऊन टाकली. मिनेसोटातील ‘मेक’च्या कचेरीला तत्पूर्वीच, १९९९ मध्ये, टाळे लागले होते.