लांडगा म्हणजे अकरा हिट पॉइंट नव्हे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण नातवाशी आणि त्याच्या टोळक्याशी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी खेळ काय ते सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 साली अमेरिकेत निघालेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण गोष्ट चालवणारा, त्याला ही मुलं ‘डीएम’ म्हणतात. पात्रांनी काय करायचं ते खेळणारे ठरवतात. जंगल, पाऊस, राक्षस, जनावरं हे सगळं डीएमच्या तोंडून येतं. एखादी गोष्ट जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आपल्यातल्या काहींना हा वेळेचा नास वाटतो. मला नाही वाटत. मोबाइल बाजूला ठेवून तीन तास मुलं मिळून गोष्ट रचतात, याहून चांगलं काय हवं?

माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीत जनावर येतं ते फक्त मरायला.

‘तुम्ही जंगलातून चालला आहात. झुडपातून चार लांडगे उड्या मारतात. फासे टाका!’ मग अर्धा तास हाणामारी. शेवटचा लांडगा पडेपर्यंत चालू. एकही पळत नाही. ते आले का, भुकेले होते का, जवळ पिल्लं होती का, कुणी विचारत नाही. 2014 च्या नियमपुस्तकात लांडग्याला 11 हिट पॉइंट आहेत, म्हणजे तेवढा मार बसला की तो संपला. त्याला मारल्याचे 50 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. झाला लांडगा!

अहो, खरं जनावर असं लढतच नाही. त्याला दवाखाना नाही, रजा नाही. पाय मोडला की शिकार बंद आणि शिकार बंद की उपासमार. म्हणून शिकारी जनावर जिवावरचं भांडण शक्यतो टाळतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, ती ‘लांब राहा’ म्हणून. आपल्या शेजारच्या बुलढाण्यात, ज्ञानगंगेच्या जंगलात अस्वलं आहेत. अस्वल माणसाला खायला येत नाही. त्याची नजर अधू असते. माणूस अचानक अगदी जवळ आला की ते घाबरून अंगावर येतं. आता सांगा, डीएमला याहून चांगला प्रसंग कुठे मिळणार? उकरलेलं वारूळ दिसतंय, माती अजून ओली आहे, पुढे वळण आहे. बोलत जायचं की गुपचूप? मुलं श्वास रोखून बसतील. एकही फासा न टाकता!

‘आजी, नियमच तसे आहेत गं,’ हे पहिलं उत्तर. तसे नाहीत. समोर आलेला प्राणी हल्ला करेल, बिचकेल की दुर्लक्ष करेल हे दोन फाशांवर ठरवण्याचा तक्ता 1974 च्या मूळ पुस्तकांतच होता. 1981 च्या पुस्तकात प्रत्येक प्राण्याच्या धैर्याला आकडा दिला होता. फासा त्याच्या वर गेला की जनावर पळालं. आणि तेव्हा बरेचसे गुण खजिना आणल्याचे मिळत, मारल्याचे थोडे. आजच्या नियमांतही जनावर हाताळण्याचं कौशल्य आहे, प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र आहे. वापरत नाही ते डीएम!

दुसरं उत्तर : ‘गेम आहे गं, खरं थोडंच आहे.’ ड्रॅगनचं काय हवं ते करा, तो कुणी पाहिलेला नाही. पण लांडगा, अस्वल, बिबट्या ही खऱ्या जिवांची नावं आहेत. डिसेंबर 2019 मध्ये आपल्या सिडको एन-1 मध्ये बिबट्या शिरला होता. जुलै 2024 मध्ये उल्कानगरीत तो सीसीटीव्हीत दिसला. अशा वेळी डोक्यात असतं ते गोष्टींतलं जनावर : दिसला की झेप घेणारच.

जनावराला सोंगटी समजल्याने काय होतं तेही ऐका. 2001 नंतर जुन्नर भागात बिबटे पिंजऱ्यात पकडून दुसरीकडे नेऊन सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी नाही, वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांचाच ‘आजोबा’ नावाचा बिबट्या 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढला, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. (2014 चा उर्मिला मातोंडकरचा सिनेमा यावरच होता.) पटावर ठेवलं तिथे बसायला तो सोंगटी नव्हता. त्याला कुठेतरी जायचं होतं.

बिबट्या गरीब गाय आहे असं मी म्हणत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. त्या आईबापांना निसर्गप्रेम शिकवण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. उलट म्हणूनच म्हणते, जनावराची नीट ओळख हवी. तोंडओळख असलेला माणूस अंधारात उसात एकटा वाकून बसत नाही. ‘दिसला की मारा’ एवढंच शिकलेला ना स्वतःला वाचवतो, ना त्याला.

तेव्हा डीएमसाहेब, जनावर आणण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. त्याला काय हवं आहे? त्याला कशाची भीती आहे? किती मार बसला की ते निघून जाईल? आणि मुलांनी लांडग्यांना आपल्याजवळचं मटण टाकून, किंवा मशाल पेटवून, किंवा नुसती वाट बदलून प्रसंग निभावला, तर गुण पूर्ण द्या. मी तर दहा जास्त देईन. लांडगा मारायला नुसता फासा लागतो. त्याला ओळखून सुखरूप पुढे जायला डोकं लागतं.