उतारावरील सारथ्य

घरांतील मुलगा सायकल घेऊन टेकडीच्या रानवाटेनें उतरतो असें कळलें, कीं वडीलधारी माणसें बहुधा दोहोंपैकीं एक मार्ग पत्करतात. कांहीं जण ‘हातपाय मोडून घ्यावयाचे आहेत काय?’ म्हणून सायकलीला कुलूप घालतात. कांहीं जण ‘हल्लींच्या मुलांस कोण सांगणार?’ म्हणून डोळ्यांवर कातडें ओढून घेतात. आम्हांस हे दोनहि मार्ग पसंत नाहींत. रानवाटेवर सायकल चालविणें ही एक विद्या आहे व तिला नियम आहेत. ते वडिलांस ठाऊक असतील, तर नुसत्या मनाईपेक्षां मुलाचें रक्षण अधिक होईल.

ही विद्या फार जुनी नाहीं. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरीन परगण्यांत टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. तेथील कांहीं तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरवाटांनीं उतरूं लागले. ता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या उतारावर त्यांनीं पहिली शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत १,३०० फूट खालीं येणारी ती वाट! पायडल मागें दाबून लागणारा त्यांचा ब्रेक इतका तापे, कीं चाकाच्या तुंब्यांतील वंगण जळून धूर होई व प्रत्येक खेपेनंतर तें नव्यानें भरावें लागे. त्यावरूनच त्या उताराचें ‘रिपॅक’ हें नांव पडलें. पुढील वर्षीं जो ब्रीझ यानें खास डोंगरासाठींच सायकल बांधली. १९९६ सालीं अटलांटा येथें हा खेळ ऑलिंपिकमध्यें आला, तो पुरुष व स्त्रिया दोघांसाठींहि. तेव्हां घरांतील मुलीनें टेकडीवर जाण्याचा हट्ट धरला, तर तो जगावेगळा समजूं नये.

आतां नियम पाहूं. सपाट रस्त्यावर स्वार सीटवर बसतो. दगडाळ उतारावर त्यानें सीटवरून उठून पायडलांवर उभें राहावयाचें असतें. दोन्ही पायडलें एका पातळींत, गुडघे व कोपरें किंचित् वाकलेलीं, टाचा थोड्या खालीं. म्हणजे दगडाचा हादरा हातापायांत जिरतो. एखादें पायडल खालीं राहिलें, तर तें दगडास अडकून सायकल उलटण्याचें भय असतें. दृष्टि चाकापाशीं नसावी; दहापंधरा हात पुढें, जेथून बाहेर पडावयाचें त्या जागीं असावी. नवशिका ज्या धोंड्याला भितो त्याच्याकडेच टक लावतो, आणि चाकहि नेमकें तेथेंच जातें! वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत शिरल्यावर नव्हे. थांबतांना भार पुढें येत असल्यामुळें पुढचा ब्रेक अधिक काम करतो. परंतु भीतीनें तो एकदम आवळला तर स्वार हँडलावरून फेकला जातो. मागचाच आवळला तर चाक घासत जातें. म्हणून एकेका बोटानें दोनहि ब्रेक हलकेच दाबावे.

कठोपनिषदांत देहाला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम व बुद्धीला सारथि म्हटलें आहे. या उतारावर तें रूपक मुलांस न शिकवितां कळतें. लगाम सोडून चालत नाहीं आणि हिसकूनहि चालत नाहीं.

आमचा नातू अशाच एका वाटेवर पडला. गुडघा सोलवटला, मनगट आठ दिवस बांधून ठेवावें लागलें. त्याच्या आजीनें सायकल विकून टाकण्याचा आग्रह धरला. बापानें ‘पडल्यावांचून कोण शिकतो?’ म्हणून मुलाची बाजू घेतली. दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोलेना. तेव्हां आम्हीं नातवास इतकेंच विचारलें, “पडण्यापूर्वीं ती जागा उतरून पाहिली होतीस काय?” तो म्हणाला, “नाहीं आजोबा. बरोबरच्यांनीं भित्रा म्हटलें असतें.” खरें दुखणें मनगटाचें नव्हतें, हें होतें! अवघड टप्पा आधीं पायीं पाहून घेणें, कोठून जावयाचें तें ठरविणें, आणि न जमेल तेथें सायकल हातांत धरून उतरणें, ही जाणत्या स्वारांचीहि रीत आहे. सायकल विकली गेली नाहीं. ‘पाहिल्यावांचून उतरावयाचें नाहीं’ असा नियम मात्र झाला, आणि तो आजीनेंच घालून दिला.

दुसरी गोष्ट टेकडीची. पुण्यास वेताळ टेकडीवर पहाटे चालणाऱ्यांचा केवढा राबता असतो, तें पुणेकरांस सांगावयास नको. त्यांत वृद्ध असतात, लेंकुरवाळ्या असतात. आपल्याकडील टेकड्यांवर काळ्या पाषाणावर सुटा मुरूम असतो. तेथें मागचें चाक घासत नेलें कीं चर पडतो, पावसाचें पाणी त्याच चरांतून धांवतें आणि वाटेची माती घेऊन जातें. मरीनमध्येंहि पादचाऱ्यांच्या व घोडेस्वारांच्या तक्रारींवरून अनेक अरुंद वाटा सायकलींस बंद झाल्या आणि रुंद वाटांवर ताशीं १५ मैलांची मर्यादा आली. म्हणून चालणाऱ्यास व चढून येणाऱ्यास आधीं वाट द्यावी, चिखलांत चाक घालूं नये, आणि जेथें चाकांस मज्जाव असेल तेथें पायींच जावें.

घरच्यांनीं पाहावयाचें तें थोडकेंच आहे. निघण्यापूर्वीं ब्रेक तपासलेले असावेत. डोक्यास हेल्मेट असावें, व त्यास एकदां जबर आघात बसला कीं तें टाकून नवें घ्यावें. सोबतीस कोणी असावा. आणि कोणत्या वाटेनें जाऊन केव्हां परतणार तें घरांत सांगितलेलें असावें. मुलगा परत आला म्हणजे ‘किती वेगानें उतरलास?’ असें न विचारतां ‘कोठें उतरून चाललास?’ असें विचारावें. उत्तर देतांना तो लाजला नाहीं, तर पुढच्या खेपेस त्याला निर्धास्तपणें जाऊं द्यावें.