शब्दांची सफर : सराई

'सराई' म्हटले की आपल्याला मुसाफिराचा मुक्काम आठवतो. रात्री टेकावे, पहाटे निघावे. फारसीत मात्र या शब्दाचा अर्थ घर, वाडा, महाल असाही आहे. तुर्की बोलणाऱ्यांनी तो महालासाठी घेतला. व्होल्गाकाठच्या मंगोल खानांनी तर आपल्या राजधानीलाच 'सराय' म्हटले.

त्यांच्याकडून हा शब्द रशियन आणि युक्रेनियन भाषांत गेला आणि तिथे त्याची पत घसरली. आज तिथे 'सराय' म्हणजे लाकूडफाटा, गवत, अवजारे ठेवायची खोपी. घरात पसारा झाला तरी रशियन माणूस म्हणतो, हा काय सराय करून ठेवलाय!

महालाचा अर्थ क्रिमियात टिकला. तिथल्या तातार खानांची राजधानी बाख्चिसराय. बाख्चे म्हणजे आपला बगीचा, बगीच्यातला महाल.

१८ मे १९४४ रोजी स्टालिनच्या हुकुमाने तातारांना घरांतून काढायला सुरुवात झाली. मालगाड्यांत कोंबून बहुतेकांना उझबेकिस्तानात नेले. मागोमाग क्रिमियातल्या गावांची तातारी नावेही पुसली गेली. बाख्चिसराय मात्र राहिले. पुश्किनच्या काव्यामुळे ते रशियनांच्या तोंडी बसले होते, म्हणून वाचले असे सांगतात.

चाळीसहून अधिक वर्षांनी तातार मोठ्या संख्येने परतू लागले, तेव्हा त्यांच्या घरांत दुसरेच राहत होते. महालाचे नाव जागेवर होते. घरधनी मात्र आपल्याच गावात मुसाफिर झाले होते. सराईचा आपल्याकडचा अर्थ त्यांच्या वाट्याला असा आला, याचे आम्हाला वाईट वाटते.