घरचा सातबारा आणि उत्तर युरोपातील विद्यार्थिजीवन

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी गाडी मुंबई-पुणे लोहमार्गाची सोबत जेथे सोडते, ते पळसदरी एरवी लोकांना माहीत असते ते तळ्यामुळे, स्वामी समर्थांच्या मठामुळे किंवा पुढे सुरू होणाऱ्या बोरघाटामुळे. या परिसरातल्या मुलाने शिकावयाचे म्हणजे कर्जत किंवा खोपोली गाठावयाचे, फार तर लोकलचा पास काढून कल्याण-मुंबईपर्यंत जावयाचे, ही आजवरची रीत. घर सुटत नसे, जेवणाचा डबा सुटत नसे. त्यामुळे शिक्षणाचा खर्च म्हणजे शुल्क, पुस्तके आणि पास, एवढाच हिशेब पालकांच्या अंगवळणी पडला. आता फिनलंड, स्वीडन, नॉर्वे ही नावे ज्या घरांत उच्चारली जाऊ लागली आहेत, तेथेही हिशेबाची रीत मात्र जुनीच राहिली आहे. शुल्क किती, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो. रोजचे जगणे कितीला पडेल, हा प्रश्न बहुधा मुलगा तेथे पोचल्यावर, पहिल्या महिन्याच्या अखेरीस, स्वतःलाच विचारतो. आणि त्याचे उत्तर तो घरी कळवतोच असे नाही.

उत्तर युरोपात शिक्षण फुकट असते, ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. ती एके काळी खरी होती. परंतु युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी डेन्मार्कने २००६ साली, स्वीडनने २०११ साली आणि फिनलंडने २०१७ साली शुल्क लागू केले. बरीच वर्षे थांबलेल्या नॉर्वेनेही २०२३ च्या शरद सत्रापासून तोच मार्ग धरला. शुल्काची रक्कम निदान प्रवेशपत्रावर छापलेली असते. ती पाहून निर्णय करता येतो, शुल्कमाफीसाठी अर्जही करता येतो. फसगत होते ती दुसऱ्या आकड्याबाबत. विद्यार्थ्याजवळ निर्वाहापुरते पैसे आहेत याचा पुरावा निवास परवान्यासाठी मागितला जातो. फिनलंडमध्ये ही अट पूर्वी महिना ५६० युरोंची होती; ती पुढे ८०० युरो करण्यात आली, म्हणजे वर्षाला ९,६०० युरो. स्वीडनने २०२४ साठी महिना १०,३१४ क्रोनर ठरवले होते. नॉर्वेने २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षासाठी १,५१,६९० क्रोनर, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, मागितले.

हे आकडे त्या त्या सरकारने परवाना देण्यासाठी ठरवलेल्या किमान रकमा आहेत. आपल्या पालकांच्या मनात मात्र तेच एकूण खर्चाचे अंदाजपत्रक होऊन बसते. खात्यावर एवढे दाखवले की झाले, अशी भावना होते. आणि काही ठिकाणी तर ते केवळ 'दाखवण्यापुरते' नातेवाइकांकडून उसने घेऊन भरले जातात व परवाना हाती येताच परत केले जातात. उसने देणाऱ्या मामा-काकांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या मुलाला प्रत्यक्षात रिकाम्या खिशाने विमानात बसवले जात आहे, हे त्या क्षणी कोणाच्याच ध्यानात येत नाही.

तेथे जगण्याला खरोखर किती लागते? हेलसिंकी वगळून टाम्पेरे, औलू यांसारखे विद्यापीठाचे शहर धरले, तर विद्यार्थी गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक सदनिकेतील एका खोलीचे भाडे साधारण ३०० ते ४०० युरो पडते. राजधानीत ते वाढते. स्वतः रांधून खाणाऱ्यास अन्नाला महिना २०० ते २५० युरो पुरतात. बसचा पास, दूरध्वनी, औषधपाणी, किरकोळ खर्च धरून सातशे-आठशेच्या घरात माणूस कसाबसा बसतो. म्हणजे सरकारी आकडा खोटा नाही. पण त्यात आजारपणाला, मोडलेल्या चष्म्याला, घरी कोणी दगावले तर परतीच्या तिकिटाला जागा नाही.

आणि हा झाला बस्तान बसल्यानंतरचा महिना. पहिला महिना असा नसतो. खोलीची अनामत, पहिले भाडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, कारण तिकडच्या खोल्या पुष्कळदा रिकाम्या चार भिंतींच्या मिळतात, आणि हिवाळ्याचा कोट व बूट, या सर्वांस मिळून हजार-बाराशे युरो सहज निघून जातात. स्वीडनमध्ये व्यक्तिगत ओळख क्रमांक हाती पडेपर्यंत बँकेत साधे खाते उघडणेही जिकिरीचे होते. स्टॉकहोममध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी प्रतीक्षायादी आहे आणि तीत दिवस मोजले जातात. आज नाव घालून उद्या खोली मिळत नाही. मग खासगी घरमालकाकडे चढ्या भाड्याने राहावे लागते. थंडीची धास्ती मात्र आपल्याकडे नको इतकी घेतली जाते. फिनलंडच्या विद्यार्थी सदनिकांत घर उबदार ठेवण्याचा खर्च बहुधा भाड्यातच अंतर्भूत असतो, आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला कोट स्वस्तात मिळतो. मुंबईच्या बाजारात महागडे जाकीट घेण्यापेक्षा ते पैसे अनामतीसाठी राखून ठेवावेत, हे उत्तम.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या मुद्द्याकडे वळणे भाग आहे. दोन चलनांचा बाजारातील विनिमयदर एक आणि त्यांची खरेदीशक्ती दुसरी, हा विचार 'क्रयशक्तीची समता' या नावाने ज्याने १९१८ च्या सुमारास मांडला, तो गुस्ताव कॅसल स्टॉकहोमचाच प्राध्यापक होता. त्याच्या देशात पाऊल ठेवणारा प्रत्येक भारतीय विद्यार्थी पहिले काही आठवडे प्रत्येक किमतीला रुपयांत गुणत राहतो आणि हैराण होतो. फिनलंडमध्ये लिटरभर दूध साधारण एक युरोला, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास मिळते. कर्जतच्या दुधाशी तुलना करता हा फरक दुपटीचाही नाही. तांदूळ, बटाटे, ओट, अंडी, डाळी यांची गोष्टही फार वेगळी नाही. पण केस कापून घ्यावयाचे तर तीस युरो, म्हणजे तीन हजार रुपये! ज्या वस्तूत माणसाच्या श्रमाचा वाटा मोठा, ती तेथे आपल्या कित्येक पट महाग. ज्या वस्तूत तो लहान, ती थोडीच महाग. ज्या देशात मजुरीला चांगले मोल आहे तेथे असेच व्हावयाचे, आणि त्यात वाईट काही नाही. एवढे ओळखले की संसार कसा करावा हे आपोआप कळते. उपाहारगृह टाळावे, कात्री एकमेकांच्या डोक्यावर चालवावयास शिकावे आणि घरून कुकर न्यावा. डाळ, पीठ, मसाला यांची दुकाने हेलसिंकीत हाकानिएमी भागात आहेत.

या गुणाकाराचा उलटा तोटाही होतो. फिनलंडमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्यांना विद्यार्थी भोजनालयात सरकारी अनुदानाचे जेवण मिळते. गरम पदार्थ, कोशिंबीर, पाव, दूध असे पोटभर ताट तीन युरोंच्या आसपास. परदेशी विद्यार्थ्यालाही ते मिळते. पण तीन युरो म्हणजे तीनशे रुपये, आणि तीनशे रुपयांत कर्जत स्थानकावर मित्रांच्या अख्ख्या टोळक्याचा वडापाव होतो, असा विचार मनात आला की मुलगा ते ताट नाकारतो व बिस्किटांवर दुपार काढतो. वास्तविक त्या देशात त्याहून स्वस्त गरम जेवण त्याला कोठेच मिळणार नसते. काटकसर म्हणून तो जे करतो ती काटकसर नसून उपासमार असते. पुढे हिवाळ्यात, जेव्हा दुपारी तीनलाच अंधारू लागते, तेव्हा त्याचे परिणाम दिसू लागतात.

यावर 'तेथे काम करून मिळवील' हे ठरलेले उत्तर. फिनलंडमध्ये २०२२ पासून विद्यार्थ्याला आठवड्याला सरासरी ३० तास काम करण्याची मुभा आहे, हे खरे. परंतु मुभा म्हणजे नोकरी नव्हे. २०२५ साली त्या देशातील बेकारी १० टक्क्यांच्या आसपास पोचली. साफसफाई, वर्तमानपत्रे टाकणे, उपाहारगृहातील भांडी, एवढीच कामे फिन्निश भाषा न येणाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि त्यांसाठीही रांग असते. धर्मादाय अन्नवाटपाच्या रांगांत परदेशी विद्यार्थी उभे राहू लागल्याच्या बातम्या तेथील माध्यमांनीच दिल्या. निर्वाहासाठी सरकारी सामाजिक साहाय्य घ्यावे, तर परवानाच धोक्यात येतो, कारण निर्वाहाची जबाबदारी आपली आहे असे लिहून दिल्यावरच तो मिळालेला असतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाची कमाई शून्य धरावी. काही मिळालेच तर ते शिल्लक समजावे. दलालांच्या जाहिरातीत हे वाक्य कधी छापले जात नाही.

मग पैसा येतो कोठून? पळसदरीसारख्या ठिकाणी घरात जे काही मोल आहे ते बहुधा जमिनीत आहे. मुंबईकरांच्या शेतघरांमुळे कर्जत-खालापूरच्या जमिनीला भावही आला आहे. पण बापाने सातबारा घेऊन बँकेत जावे, तर व्यवस्थापक मान हलवतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागत आले आहे, आणि शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. तारणाची वसुली सुलभ करणारा २००२ चा सरफेसी कायदाच शेतजमिनीला लागू नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेला हा अपवाद त्याच्या मुलाच्या शिक्षणाच्या आड येतो, हा योगायोग चमत्कारिक खरा. बिनशेती जमीन असलेल्यास कर्ज मिळते. शेती असलेल्यास खासगी वित्तसंस्थेचे चढे व्याज तरी पत्करावे लागते, नाहीतर जमीन विकावी लागते. विकताना पुन्हा १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे घेणारा शेतकरीच असावा लागतो. म्हणजे गिऱ्हाईक थोडे, आणि प्रवेशशुल्काची मुदत तोंडावर आलेली. अशा विक्रीत भाव कोण ठरवतो, हे सांगावयास नको.

करव्यवस्थेनेही येथे विचित्र भेद केला आहे. शैक्षणिक कर्ज काढून परदेशी पैसे पाठवणाऱ्याला उगमस्थानी वसूल होणाऱ्या करातून २०२५ पासून सूट मिळाली. स्वतःच्या पैशाने, म्हणजे जमीन विकून आलेल्या पैशाने, वर्षाला १० लाखांहून अधिक पाठवणाऱ्याकडून मात्र वरच्या रकमेवर तो वसूल होतो. विवरणपत्र भरल्यावर त्याचा परतावा मागता येतो; परंतु ज्याने आयुष्यात विवरणपत्र भरलेले नाही, त्याला तो मागावयाचा कसा हे कोण सांगणार?

आणि या साऱ्याच्या पायाखाली रुपया हलत असतो. २०२४ च्या आरंभी युरोला सुमारे ९० रुपये पडत. २०२५ च्या उत्तरार्धात शंभराहून अधिक पडू लागले. फिनलंडच्या ९,६०० युरोंना ९० च्या दराने ८ लाख ६४ हजार लागतात, शंभरच्या दराने ९ लाख ६० हजार. मुलाने एक घासही जास्त न खाता वर्षाला ९६ हजारांचा खर्च वाढला.

हे दुखणे नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा गाठीला सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज होते. १९२० च्या प्रारंभी दोन शिलिंगांच्या वर चढलेला रुपया १९२१ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. म्हणजे ज्या पौंडाला दहा रुपयेही पुरत, त्याला सोळा मोजण्याची पाळी आली. त्या घसरणीची झळ लंडनमध्ये रुपयांवर जगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला लागलीच असणार. बाबासाहेबांचा १९२३ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

त्यांच्या व शाहू महाराजांच्या परंपरेचे नाव घेणारे शासन आज काय करते? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही योजना आहे, आणि त्यांनी अनेक घरांना जमीन न विकता मूल परदेशी पाठवता आले. परंतु केंद्राच्या योजनेत कित्येक वर्षे निर्वाहभत्त्याचे दोनच दर होते: ब्रिटनसाठी ९,९०० पौंड आणि उरलेल्या सर्व जगासाठी १५,४०० डॉलर. वॉर्सात राहणाऱ्याला जे, तेच कोपनहेगनात राहणाऱ्याला! ज्या देशांनी आपापल्या निर्वाहाचा किमान आकडा जाहीर केलेला आहे, निदान त्या देशांपुरता तरी भत्ता त्या आकड्याशी जोडावयास कोणती अडचण आहे? तसेच बँकांनी शुल्काचा हप्ता परकीय चलनात मोजावा आणि निर्वाहाचा मात्र रुपयांत गोठवावा, ही पद्धतही बदलावयास हवी. मंजुरीच्या दिवशी दहा टक्क्यांची वाढीव मर्यादा ठेवून दिली, तर मध्येच दुसरे कर्ज मागावयाची वेळ विद्यार्थ्यावर येणार नाही.

सरकार व बँका हलतील तेव्हा हलतील. कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांना एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. बाहेर गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून, नावे गुप्त ठेवून, पहिल्या बारा महिन्यांचा जमाखर्च मागवावा: अनामत किती, भाडे किती, पहिली मजुरी कोणत्या महिन्यात मिळाली, घरून जादा पैसे कितीदा मागवले आणि कितीदा मागवावयास लाज वाटली. ते कागद ग्रंथालयात पालकांना पाहावयास ठेवावेत. फिनलंडच्या इंग्रजी अभ्यासक्रमांचे संयुक्त अर्ज जानेवारीत भरले जातात आणि सत्र ऑगस्टअखेर सुरू होते. मधल्या उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये, जमिनीचे व्यवहार उरकले जातात. तेव्हा हे कागद पालकांसमोर यावयाचे तर डिसेंबरपर्यंत तयार असले पाहिजेत.