योगासनांची चटई आपली आपल्यालाच

दरवर्षी २१ जूनला योग दिन साजरा होतो, गावोगावी योगवर्ग भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अनेक वर्गांत एकाच्या घामाने ओली झालेली चटई तशीच गुंडाळून ठेवतात व दुसऱ्या दिवशी भलत्यालाच देतात. घाम, ओल आणि कोंदट जागा बुरशीला मानवते. गजकर्ण अशा सामायिक वस्तूंतूनही पसरते. मग दुकानातून विचारून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावले जाते. खाज तेवढ्यापुरती थांबते. रोग मात्र पसरतो, घरच्यांनाही होतो आणि उपचार महिनोन्महिने चालतात.

म्हणून वर्गचालकांनी सामायिक चटया बंद कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येकाने आपली चटई न्यावी. आसने झाल्यावर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने, नंतर साध्या ओल्या फडक्याने ती दोन्ही बाजूंनी पुसावी. पूर्ण वाळल्यावरच गुंडाळावी. रबरी चटई उन्हात तडकते, ती सावलीत वाळवावी. महागडी चटई परवडत नसल्यास जाड सुती सतरंजी उत्तम. ती आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवता येते. फक्त गुळगुळीत फरशीवर ती घसरते, तेव्हा उभ्याची आसने जपून करावीत.

अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसल्यास मलम शोधू नका, डॉक्टरांना दाखवा.