समजून घ्या : मुलांची केस लढणाऱ्या नव्या वकिलाला तयार कोण करणार?

राजूरच्या एखाद्या मुलाला बालकल्याण समितीपुढे न्यायचे, तर शंभर किलोमीटरहून दूर अहिल्यानगर गाठावे लागते. पण तिथे त्याची बाजू मांडणारा वकील या कामासाठी तयार असतो का?

कायदा काय सांगतो?

बाल न्याय कायदा, 2015 नुसार समितीच्या सदस्यांना दोन महिन्यांत प्रशिक्षण देणे सरकारवर बंधनकारक आहे. प्रत्येक पोलिस ठाण्यात प्रशिक्षित बालकल्याण पोलिस अधिकारी हवा. पोक्सोतील विशेष सरकारी वकिलाला किमान 7 वर्षांचा अनुभव लागतो. पीडित मुलाच्या स्वतःच्या वकिलासाठी मात्र ही अट नाही. ऑल इंडिया बार परीक्षेतही बालहक्क हा स्वतंत्र विषय नाही.

फरक कुठे पडतो?

• पोक्सो खटल्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाहीत. ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. आरोपीच्या वकिलाने ही मर्यादा ओलांडली, तर तिथल्या तिथे हरकत घेता आली पाहिजे.
• बालविवाह रद्द करून घ्यायला सज्ञान झाल्यापासून 2 वर्षेच मिळतात. मुदत हुकली की ही वाट बंद.
• 2022 मध्ये शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुलांना नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला वेठबिगार म्हणून ठेवल्याचे उघड झाले. अशा प्रकरणात वेठबिगारी (1976), अॅट्रॉसिटी (1989) आणि बाल न्याय असे तीन कायदे एकत्र येतात. गुन्हा नोंदवून वकील थांबला आणि मुक्तता प्रमाणपत्र मागायचे राहिले, तर मुलाचे पुनर्वसन अडते.

उपाय काय?

1987 च्या कायद्याने मुलांना आणि आदिवासींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो विधी सेवा प्राधिकरण देते, म्हणून सुरुवातही तिथूनच व्हावी. नव्या वकिलाने आधी अनुभवी वकिलासोबत समितीचे आणि पोक्सो न्यायालयाचे काम पाहावे, मगच त्याच्याकडे मुलाची केस सोपवावी. प्रशिक्षणाचे काही दिवस राजूरला ठेवावेत. आदिवासी प्रकल्प कार्यालय इथेच आहे. आश्रमशाळा, स्थलांतर आणि मुलांची बोली जवळून पाहिलेला वकील कोर्टात योग्य प्रश्न मांडू शकेल.

मोफत वकील ही सवलत नाही, हक्क आहे. तो वकील तयारीचा असणे हाही त्याच हक्काचा भाग मानला पाहिजे.

लक्षात ठेवा : मुलांसाठी मदत 1098, मोफत कायदेशीर सल्ला 15100.